एरियलवरचा ताईत

लढाईच्या दिवसांत नंदुरबारात रेडिओची दुरुस्ती करणारा मी एकटाच आहे, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. ते खरं असो वा नसो, लोकांनी मानलं होतं. आमचं घर कलईवाल्यांचं. अब्बा गेल्यावर भाता आणि कथील माझ्याकडे आलं, पण मी सुरतेला एका दुकानात दोन वर्षं राबून रेडिओ शिकून आलो आणि गावात मान वर करून चालू लागलो. घड्याळं, ग्रामोफोन आणि रेडिओ ही माझी कामं. भांड्यांची कलई अजून अम्माच्या देखरेखीखाली दुसरे कारागीर करत. मला राग लवकर येतो, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या रागापायी झाली.

तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडे एक गाव होतं. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्याचं येणंजाणं होतं. त्यांची तांब्याची भांडी दर दिवाळीआधी गाडीभर आमच्या अंगणात उतरायची. त्यांना मी आबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकी. काकी आणि अम्मा भांड्यांच्या निमित्तानं भेटत आणि तासन्‌तास बोलत बसत. एक अहिराणीत, एक आमच्या हिंदुस्थानीत. दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं.

आबांचा एकुलता एक मुलगा फौजेत गेला होता. तो गेला तेव्हा आबांनी सुरतेहून बॅटरीवर चालणारा रेडिओ आणवला, लढाईच्या बातम्या ऐकायला. मग सिंगापूर पडलं आणि मुलाची पत्रं थांबली. वर्ष गेलं. सरकारकडून एक कागद आला, त्यात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता. तेव्हापासून आबांनी रेडिओवर कापड घातलं ते काढलंच नाही.

लढाईच्या चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, एका सोमवारी आबा माझ्या दुकानात आले. फेट्याच्या घडीतून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, आमच्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसानं ते लिहिलं होतं. तो शत्रूचं रेडिओ स्टेशन ऐकायचा आणि तिथून कैद्यांची नावं सांगत, ती उतरून घेऊन घरच्यांना कळवायचा. तुमच्या मुलाचं नाव ऐकलं, असं त्यानं लिहिलं होतं. येत्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काही कैदी स्वतः बोलणार आहेत, त्यांत त्याचंही नाव आहे. खाली स्टेशनचा आकडा होता.

“मिस्तरी, मन्हा पोऱ्या बोलनार शे म्हनतस,” आबा म्हणाले. “त्या डबामाईन.”

शत्रूचं स्टेशन ऐकणं हाच गुन्हा, की ऐकलेलं पसरवणं गुन्हा, हे आमच्यात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आबांनी एवढंच सांगितलं की, कुणाला बोलू नको. मी मान हलवली आणि घरी जाऊन अम्माला सगळं सांगितलं. अम्माला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे, असं मी धरून चालायचो.

मंगळवारी मी गावात गेलो. रेडिओ चांगला होता, पण त्याला एरियल म्हणून खिडकीतून हातभर तार लोंबत होती. इतक्या लांबचं स्टेशन पकडायला ती काय पुरणार? मी लिंबाच्या शेंड्यापासून घराच्या पत्र्यावर रोवलेल्या बांबूपर्यंत तांब्याची उघडी तार ताणली, ती झाडाला-बांबूला टेकू नये म्हणून दोन्ही टोकांना चिनीमातीच्या कपाचे कान बांधून. तिथून एक तार पत्र्याच्या कडेवरून खाली खोलीत उतरवली. जमिनीत जाणारी दुसरी तार न्हाणीच्या मोरीपाशी पुरली, कारण तिथली माती कधी सुकत नाही. तांब्याच्या जुन्या ताटलीला तार जोडून, वर कोळसा आणि खडेमीठ घालून खड्डा बुजवला. ताटली काकींनीच दिली. ती आमच्याच घरात कलई झालेली होती.

रात्र पडल्यावर आकडा लावला आणि दूरचं ते स्टेशन अगदी शेजारच्या ओट्यावरून बोलावं तसं आलं. काकी खोलीच्या दारात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. मी गडबडीनं बटण बंद केलं, कारण बॅटरी निम्मी उतरली होती.

बुधवारी मी बॅटरी नंदुरबारला आणून कापसाच्या जिनिंगमधल्या डायनॅमोवर भरायला लावली आणि त्याच रात्री आबांच्या गड्याच्या गाडीत परत पाठवली. गडी आमच्या घरी जेवला आणि गेला. शुक्रवारी दुपारी येतो, असा निरोप मी त्याच्याबरोबर दिला. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी तोच गडी दुकानाच्या पायरीवर उभा. काकींचा निरोप घेऊन रात्रभर गाडी हाकून आला होता.

“मायनी सांगं, आवाज नही. नुसती खरखर शे. आते चाल.”

माझं डोकंच फिरलं. नक्की कुणी तरी बटणं पिरगाळली असणार. वाटेत मी त्या गड्याला इतकं बोललो की, शेवटी त्यानं बैलांशीच बोलायला सुरुवात केली.

गावात पोचायला दुपारचे तीन वाजले. ऊन असं होतं की लिंबाचं पान हलत नव्हतं. मी रेडिओ लावला. कुठलीही खरखर नाही. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, अगदी स्वच्छ. मी आबांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला माहीत आहे आणि आबांनाही कळलं असणार. काकी दारातून म्हणाल्या, “काल सांजले तं चना फुटतस तसं फुटी ऱ्हायनं व्हतं. मी खोटं नही सांगत, भाऊ.”

“आता तर काही नाही,” मी म्हणालो आणि चहा मागितला.

सव्वासहाला मी पुन्हा बटण फिरवलं आणि पाठीवर बर्फाचं पाणी पडल्यासारखा दचकलो. कढईत चणे फुटावेत तशीच खरखर. मध्येच एखादा शब्द यायचा, मग पुन्हा कडकड, मग स्टेशनच बुडायचं. त्या सगळ्याच्या खाली, एका लयीत, टक टक टक असा बारीक ठोका.

माझं खिशातलं घड्याळ मी रेडिओवर ठेवलं. पाऊण तास होता.

सुरतेला शिकलेली पहिली गोष्ट मी केली. एरियलची तार काढली. खरखर थांबली. लावली, सुरू झाली. म्हणजे दोष रेडिओत नव्हता, तो बाहेरून एरियलवाटे आत येत होता. दुसरी गोष्ट, तो ठोका. तसा ठोका जवळपास कुठे विजेची ठिणगी उडत असली की येतो. गावात वीज नव्हती, मग ठिणगी कुठून येणार? मी खिडकीत कान दिला. वाऱ्यावर पुक पुक पुक ऐकू आलं. पिठाची गिरणी! रॉकेलवर चालणारं, ठिणगीनं पेटणारं इंजिन. बायका शेतातून परतल्या की दळण घेऊन येत, म्हणून ती संध्याकाळीच चाले. दुपारी बंद. माझं सगळं गणित जुळलं. मी तसाच पळत सुटलो, मागून आबा.

गिरणीपुढे पंचवीसएक बाया पाट्या घेऊन बसल्या होत्या. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला.

“गिरणी बंद करा,” मी ओरडलो. “तासभर.”

“कसाले? बाया कव्हशीन बशेल शेतस, दिसत नही का?”

कारण सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, तुझ्या इंजिनाची ठिणगी वाईट आहे. तो म्हणाला, ठिणगी वाईट असती तर इंजिन चाललं नसतं. बोलणं बरोबर होतं आणि त्यामुळेच मला जास्त चीड आली. मी त्याच्या अंगावर गेलो. त्यानं पट्ट्यावर मारायची लाकडी फळी उचलली. आबा मध्ये पडले. बाया पाहत होत्या, माझं घड्याळ तिकडे रेडिओवर टिकटिकत होतं, आणि मला एकच दिसत होतं की, वेळ हातातून निसटतो आहे आणि ज्या बाईला मुलाचा आवाज ऐकायचा आहे ती तिकडे खरखर ऐकत बसली आहे.

एवढ्यात एक म्हातारी उठली. तिनं न दळलेली पाटी डोक्यावर घेतली आणि गिरणीवाल्याला म्हणाली, “बंद कर रे भो. तिना पोऱ्या आज बोलनार शे.”

दुसऱ्या बायाही उठल्या. गिरणीवाल्यानं फळी खाली टाकली आणि इंजिन बंद केलं. सगळ्या गावाला माहीत होतं. आबा आणि मीच काय ते गुपित सांभाळत बसलो होतो.

परत आलो तेव्हा सातला सोळा मिनिटं होती. काकी रेडिओसमोर जमिनीवर बसल्या होत्या, आज पहिल्यांदाच खोलीच्या आत. टक टक गेली होती. खरखर मात्र होती तशीच होती. उलट ठोका गेल्यामुळे ती आता जास्तच मोकळेपणी वाजत होती.

बाहेरचा दोष म्हणजे गावातला दोष, एवढंच मी धरून बसलो होतो. एरियलसुद्धा बाहेरच असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण ती मी स्वतः बांधली होती. मी बांधलेल्या गोष्टीत दोष असतो, यावर माझा तोवर विश्वास नव्हता. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि रेडिओ कडाडला. वारा थांबला, तो थांबला. पुन्हा झोत, पुन्हा कडकड. दुपारी पान हलत नव्हतं म्हणून सगळं स्वच्छ होतं. संध्याकाळी तापीवरून वारा सुटतो, हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

मी शिडीवरून पत्र्यावर चढलो.

पत्र्याच्या कडेला, जिथून तार खाली उतरत होती, तिथे काहीतरी लोंबत होतं. पितळेची बोटभर लांबीची साखळी आणि तिला तांब्याची नळी. वाऱ्यानं ती झुलायची, पत्र्याला आपटायची आणि तारेवर साखळीच्या कड्या खरवडत परत यायची. दर वेळी खाली रेडिओ फुटत होता. मी ती हातात धरली. नळीचं तोंड लाल लाखेनं बंद केलेलं, साखळीला हिरवा दोरा आणि दोऱ्याला तीन गाठी. तशा गाठी मी लहानपणापासून माझ्या दंडावर पाहिल्या होत्या. तो दर्ग्यातला ताईत होता आणि गाठी अम्माच्या होत्या.

“हा कुणी बांधला?” मी पत्र्यावरून ओरडलो.

काकी अंगणात आल्या. “मी बांधा. तुन्ही मायनी दिधा, गाडीवालानी संगे. आवाज जठून उतरस तठे बांध, आशे तिनी सांगं.”

पन्नाशीची बाई, गुरुवारी पहाटे गाडी आल्यावर कंदील घेऊन शिडी चढली होती. पण तेव्हा माझ्या मनात ते आलं नाही. मी अम्माला आणि सगळ्या अडाणी बायकांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अंगणात, ओट्यावर, गिरणीवरून आलेल्या बाया उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मी दोऱ्याला हात घातला.

“सोडू नको!” काकी अशा ओरडल्या की माझा हात थांबला. “पोऱ्या घर येस तोवर सोडानं नही. सोडा तं नवस मोडस.”

“मंग आवाज ऐकू येवाव नही, काकी. एक तं ताईत ठेव, नहीतं आवाज ऐक. काय पाहिजे ते लवकर सांग.”

त्या वर पाहत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. मी त्यांना विचारत होतो की, मुलगा जिवंत असल्याचं ऐकायचं आहे, की तो जिवंत राहायला हवा. असा प्रश्न कुठल्या आईला विचारू नये. मी विचारला, आणि तोही घड्याळाकडे पाहून.

“मले दोन्हीबी पाहिजे,” काकी म्हणाल्या.

मला आणखी चिडायला हवं होतं, पण कुठून तरी राग एकदम उतरला. दोन्ही पाहिजे. ठीक आहे. ताईत वाईट नव्हता, त्याचं सैल असणं वाईट होतं. सैल जोड खरखरतो, पक्का जोड बोलत नाही. आणि जोड पक्का करणं हे तर आमच्या घरात सात पिढ्यांचं काम.

“चूल पेटेल शे का?” मी विचारलं.

चूल पेटलेली होती. माझ्या पेटीत जोडाला डाग द्यायची तांब्याची जाड सळई, कथील आणि नवसागर होतं. आबांनी सळई निखाऱ्यात खुपसली आणि स्वतः फुंकणी घेऊन बसले. मी ताईत तारेला सरळ चिकटवून धरला, म्हणजे तो पत्र्याला लागणार नाही. पण नळीत कागद होता, त्यावर अल्लाचं नाव. जास्त आच लागली तर आतला कागद जळेल आणि लाख वितळेल. म्हणून मी नळीभोवती ओल्या फडक्याची घडी गुंडाळली आणि डाग फक्त साखळीच्या कड्यांना द्यायचा ठरवला.

“किती वाजले?”

खालून कुणी तरी घड्याळ पाहून सांगितलं, सातला पाच मिनिटं. सळई लाल व्हायला हवी, लाल झाली की थोडी निवायला हवी, आणि वर येईस्तोवर वारा तिला निववत होता. पहिल्यांदा कथील वितळलंच नाही, गोळा होऊन पत्र्यावर घरंगळलं. आबांनी दुसऱ्यांदा तापवून दिली. शिडीवरून बाया ती हातोहात वर देत होत्या, फडक्यात धरून. दुसऱ्यांदा एक कडी बसली. खाली रेडिओवर निवेदक हिंदुस्थानीत नावं वाचू लागला. सात वाजले होते.

पहिला कैदी बोलला, दक्षिणेकडच्या कुठल्याशा भाषेत, अर्धा खरखरीत बुडालेला. दुसरा पंजाबी. तिसऱ्यांदा सळई आली, मी उरलेल्या कड्यांवर ती टेकवली, कथील चमकलं आणि धावलं. पण ते घट्ट व्हायच्या आत वाऱ्याचा झोत आला आणि तार थरथरली. मी सळई टाकली आणि तो गरम जोड चिमटीत धरला. सोडला असता तर पुन्हा सैल झाला असता. माझ्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं कातडं तिथे राहिलं. त्या दोन बोटांवर आजही रेषा नाहीत.

खाली रेडिओ गप्प झाला. खरखर नाही, काही नाही. मला वाटलं, सगळं गेलं. मग निवेदकानं आबांच्या मुलाचं नाव घेतलं, गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, आणि एक तरुण, जरा घाबरलेला आवाज स्वच्छ वर आला.

“माय, मी बरा शे. जेवन मिळस. आबा, तांबडा बैल इकू नका. मी घर येस तोवर ठेवा.”

एवढंच. चार वाक्यं. पुढच्या माणसाचं नाव सुरू झालं.

खोलीतून आबांचा आवाज आला. ते रेडिओला सांगत होते, “नही इकत रे, नही इकत.” मी पत्र्यावर बोटं धरून बसलो आणि रडलो. वर कुणी पाहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी गेल्यावर मी अम्माला पुन्हा बोललो. बोटं ठणकत होती, हे कारण झालं. तुझ्यामुळे सगळं हातचं जाणार होतं, म्हणालो. ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालतेस? अम्मानं माझी बोटं तेलात बुडवली आणि फक्त विचारलं, “आवाज तो आया ना उसका?”

मी उत्तर दिलं नाही. आला, एवढं म्हणायला काय जात होतं? पण म्हणालो नाही. पुढे कधी तरी म्हणू, असं मनात होतं. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

लढाई संपली. कैदी सुटले म्हणत, पण आबांच्या गावाहून काही निरोप नव्हता. मी विचारायला गेलो नाही, धाडस झालं नाही.

हिवाळ्यातली सकाळ होती. मी भिंग डोळ्याला लावून एका घड्याळाची कमान बसवत होतो. पायरीवर कुणी तरी आलं आणि म्हणालं, “मिस्तरी शे का?”

मी मान वर केली नाही. चिमटा हातातून पडला, कमान उडाली. चार वाक्यं मी ऐकली होती, पण ती अशी ऐकली होती की, तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

तो फार वाळला होता. हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं आणि त्यात मधोमध तो ताईत, हिरवा दोरा विटून पांढरा झालेला. त्यानं तो माझ्यापुढे ठेवला.

“दोरानी गाठ मायनी सोडी,” तो म्हणाला. “पन हाऊ निंघत नही. माय म्हने, ज्यानी डाग दिधा त्यानाच हातनं निंघाले पाहिजे. आन् ज्या मायनी दिधा, तिले परत देऊन ये.”

मी सळई तापवली. डाग पक्का होता, माझ्या हातून आजवर इतका पक्का दुसरा पडलेला नाही. कथील वितळलं, साखळी मोकळी झाली. लाख शाबूत होती. मग मी त्याला सांगितलं की, जिला परत द्यायचा ती आता नाही.

त्यानं ताईत उचलला. मग म्हणाला, चला तर.

आम्ही दोघं दर्ग्यात गेलो आणि ताईत तिथे ठेवला. तिथून कब्रस्तानात. अम्माची कबर दाखवून मी मागे उभा राहिलो. त्यानं चपला काढल्या आणि अवघडून माझ्याकडे पाहिलं.

“काय म्हनू?”

“जे रेडिओवर म्हना व्हता तेच म्हन,” मी म्हणालो. “तिनी ते ऐकेल नही.”

तो खाली बसला, मातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “माय, मी बरा शे.”

त्यानंतर मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणालो. आला गं अम्मा, आवाज आला.